निवासी शाळांचे प्रवेश: नाशिकच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारा वर्षं एका निवासी शाळेत शिकवलं. त्यातली सात हाऊसमास्टर, म्हणजे एका वसतिगृहाचा प्रमुख, म्हणून काढली, आणि प्रवेशाच्या मुलाखतींना टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो. आता नाशिकला घरी असतो. दिवाळी झाली की ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे पालक मुलांना घेऊन येतात. कुणी सिडकोतून, कुणी सिन्नरहून, कुणी थेट सटाण्याहून. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली.

आमचा मुलगा इतरांत उठून दिसावा म्हणून काय करावं?

आधी सांगा, कुठल्या शाळेसाठी? या एका प्रश्नावर निम्मा गोंधळ मिटतो.

निवासी शाळांचे दोन प्रकार धरा. पहिल्या प्रकारात लेखी परीक्षा, नियम आणि गुणवत्ता यादी एवढंच चालतं. जवाहर नवोदय विद्यालय, सैनिक स्कूल, आदिवासी मुलांसाठीच्या एकलव्य निवासी शाळा या प्रकारातल्या. तिथे तुमचा मुलगा तबला वाजवतो की घोड्यावर बसतो, हे कुणी विचारत नाही. ओएमआरच्या, म्हणजे उत्तराचे गोल काळे करायच्या, कागदावर सगळी मुलं सारखीच दिसतात, आणि ते बरंच आहे. दुसऱ्या प्रकारात डेहराडूनची दून, ग्वाल्हेरची सिंदिया, अजमेरची मेयो, आंध्रातली ऋषी व्हॅली, राजगुरुनगरजवळची सह्याद्री अशा खासगी शाळा येतात. तिथे परीक्षा किंवा चाचणी असली तरी माणसं मुलाला भेटतात, बोलतात, कधी पालकांनाही बसवून घेतात. उठून दिसण्याचा प्रश्न इथे लागू होतो.

बरेच पालक नेमकं उलटं करतात. नवोदयसाठी प्रमाणपत्रं गोळा करतात आणि सह्याद्रीसाठी गणिताचा क्लास लावतात.

नाशिक जिल्ह्यातून कुठे कुठे प्रयत्न करता येईल?

नाशिकचं नवोदय दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे. पाचवीत असताना परीक्षा द्यायची, सहावीत प्रवेश. आदिवासी मुलांसाठी एकलव्य शाळा आहेत, बागलाणात अजमेर सौंदाण्याची त्यातलीच. महाराष्ट्रातली जुनी सैनिक शाळा साताऱ्याची, 1961 सालची आणि देशातली पहिली. चंद्रपूरची 2019 मध्ये सुरू झाली. बेळगावला राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहे. डेहराडूनला राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज (आरआयएमसी), तिथला प्रवेश आठवीत.

घराजवळ म्हणाल तर भोसला मिलिटरी स्कूल 1937 पासून आपल्या गावात आहे आणि देवळालीला बार्न्स 1925 पासून. मुलगा साताऱ्याला गेला तरच तो 'निवासी', देवळालीला राहिला तर नाही, असं मानणारे पालक मला भेटलेत. दर रविवारी डबा घेऊन जाता येतं म्हणून ती शाळा कमी दर्जाची ठरत नाही. खरं तर दहा वर्षांच्या पोरासाठी चाळीस मिनिटांवरचं वसतिगृह हीच कधी कधी योग्य सुरुवात असते.

नवोदयला मुलगा गावच्या शाळेत दाखवला तर? तिथे ग्रामीण भागाला जागा जास्त आहेत म्हणे.

जास्त आहेत हे खरं. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. पण ग्रामीण म्हणजे तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढलेला मुलगा. मधलं एक वर्ष शहरातल्या शाळेत गेलं की तो शहरी धरला जातो. त्यामुळे पाचवीच्या जूनमध्ये मामाच्या गावी नाव घालण्याचा काही उपयोग नाही. शिवाय कागद तपासताना हजेरीपट निघतो, आणि निवड झालेलं पोर घरी परत येतं. ते बघणं फार वाईट असतं. पोराची चूक काहीच नसते.

बाकीचे नियमही परीक्षेआधीच वाचून घ्या. पाचवी त्याच जिल्ह्यात चालू असली पाहिजे, घरही त्याच जिल्ह्यात हवं आणि परीक्षा एकदाच देता येते. गेल्या वर्षी जमलं नाही म्हणून पाचवीला परत बसवून दुसरी संधी मिळत नाही. एका शाळेत सहावीला जास्तीत जास्त 80 जागा, त्यातल्या किमान एक तृतीयांश मुलींच्या.

नवोदयचा पेपर कसा असतो?

दोन तास, 80 प्रश्न, 100 गुण. मानसिक क्षमता चाचणीचे 40 प्रश्न 50 गुणांना, अंकगणिताचे 20 प्रश्न 25 गुणांना, भाषेचे 20 प्रश्न 25 गुणांना. पेपर मराठीत देता येतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. हे सांगूनसुद्धा दरवर्षी मुलं गोल रिकामे ठेवून येतात, कारण शाळेत त्यांना 'येत नसेल तर लिहू नको' असं शिकवलेलं असतं.

आकृत्यांचा भाग निम्म्या गुणांचा आहे आणि शाळेत तो शिकवला जात नाही. शिष्यवृत्तीच्या तयारीत बुद्धिमत्ता चाचणीची सवय झालेली असेल तर मोठं काम झालेलं असतं. भाषेला मात्र उतारे येतात, आणि तिथे वाचणारं पोर क्लासवाल्या पोराला सहज मागे टाकतं. मुलगा रोज अर्धा तास काहीही वाचतो का बघा. 'किशोर' वाचो, पेपरातली क्रिकेटची बातमी वाचो, आजोबांच्या औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचो.

सैनिक स्कूलसाठी वेगळी तयारी लागते का?

लागते, आणि ती गणिताची. सहावीच्या प्रवेशपरीक्षेत 300 पैकी 150 गुण एकट्या गणिताला. 50 प्रश्न, प्रत्येकी 3 गुण. भाषा, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञान यांना 50-50. वेळ 150 मिनिटं. नववीच्या प्रवेशाला 400 पैकी 200 गुण गणिताचे. सहावीचा पेपर मराठीतून देता येतो, नववीचा फक्त इंग्रजीत. ही ओळ अधोरेखित करा, कारण मराठी माध्यमातल्या आठवीच्या मुलाचे पालक बऱ्याचदा फॉर्म भरताना ती पहिल्यांदा वाचतात.

वयही बघा. सहावीसाठी प्रवेशाच्या वर्षी 31 मार्चला मुलगा 10 ते 12 वर्षांचा हवा, नववीसाठी 13 ते 15. जन्मतारीख दाखल्यावर एक, आधारवर दुसरी आणि शाळेच्या रजिस्टरवर तिसरी असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. सेतू केंद्रात जानेवारीत रांगेत उभे राहिलेले बाप मी पाहिलेत.

लेखीनंतर वैद्यकीय तपासणी असते. डोळे, रंग ओळखणं, तळपाय, गुडघे, कान. चष्मा लागलाय म्हणून लगेच घाबरू नका. पण मुलाला फळ्यावरचं दिसत नसेल आणि तुम्ही ते 'आळशी आहे' यावर ढकलत असाल, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. ते सैनिक स्कूलसाठी नाही, पोरासाठी.

क्लास लावायचा का? कॉलेज रोडला एक आहे, दीड वर्षाचा कोर्स आहे.

अमुक लावा, तमुक लावू नका, हे मी सांगत नाही. पण दीड वर्ष? नऊ वर्षांचं पोर सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी सराव पेपर असं दीड वर्ष चाललं तर परीक्षा येईपर्यंत ते परीक्षेलाच विटलेलं असतं. घरी कुणीतरी बसणारं असेल तर सहा-आठ महिने नेटाने केलेला सराव पुरतो. घरी बसायला कुणी नाही, आई-बाप दोघंही सातपूर-अंबडच्या शिफ्टला जातात, अशा घरात क्लासचा खरा उपयोग होतो. तो शिकवण्यापेक्षा मुलाला ठरावीक वेळी एका जागी बसवतो म्हणून.

सराव पेपर किती सोडवले, हे मला सांगू नका. चुकलेल्या प्रश्नांची वही आहे का, ते सांगा. वर्षभरात मला तशी वही फार तर तीन-चार पोरांकडे दिसते.

आरआयएमसीबद्दल थोडं सांगा.

1922 पासूनची संस्था. साडेअकरा ते तेरा वर्षांची, सातवीत शिकणारी किंवा सातवी झालेली मुलं अर्ज करतात. परीक्षा वर्षातून दोनदा, महाराष्ट्रात ती पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेमार्फत होते. गणित 200, इंग्रजी 125, सामान्य ज्ञान 75, शिवाय 50 गुणांची तोंडी परीक्षा. म्हणजे सरकारी संस्थांपैकी इथे बोलण्यालाही गुण आहेत. 2022 पासून मुलींनाही प्रवेश आहे. जागा अगदी थोड्या, त्यामुळे ही एकच आशा धरून वर्ष लावू नका.

आमच्याकडे प्रमाणपत्रांची जाड फाइल आहे. खासगी शाळेत ती दाखवायची ना?

दाखवा, पण ती कुणी पूर्ण उघडेल असं धरू नका. मी पॅनलवर असताना प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातलेल्या चाळीस-चाळीस प्रमाणपत्रांच्या फायली यायच्या. अबॅकस, हस्ताक्षर, फॅन्सी ड्रेस, कराटेचा पिवळा पट्टा, ऑलिम्पियाडचं सहभाग प्रमाणपत्र. आम्ही फाइल बाजूला ठेवायचो आणि विचारायचो, 'यातलं तू आत्ताही काय करतोस?' बहुतेक मुलं आईकडे बघायची.

एक मुलगा फाइल न घेताच आला होता. निफाडकडचा, घरी द्राक्षबाग. हातात शंभर पानी वही. दोन छाटण्यांचा पूर्ण हंगाम त्याने रोज सकाळी पाऊस, दव आणि तापमान लिहिलं होतं, कारण बापाला डावणी रोगाच्या फवारणीचा अंदाज लागत नव्हता. मधली चार पानं त्याच्या धाकट्या बहिणीने रंगवून ठेवली होती. मी विचारलं, 'यातून काय कळलं?' तो म्हणाला, 'एवढंच कळलं की पप्पा दव पडलेलं लिहून ठेवत नाहीत, नुसतं आठवून सांगतात, आणि आठवलेलं चुकतं.' पॅनलवरच्या आम्हा तिघांपैकी एकानेही पुढचा प्रश्न बराच वेळ विचारला नाही.

मुलाला उठून दाखवतं ते हे. एक गोष्ट, बराच काळ, कुणी बघत नसताना केलेली. ती मोठी असायला हवी असं नाही. कबुतरं पाळणं, आजीच्या पाककृती लिहून घेणं, गोदाकाठच्या मंदिरांची चित्रं काढणं, सायकल उघडून परत जोडणं, काहीही. पण आता तुम्ही घरी जाऊन मुलाला 'चल, तापमान लिही' म्हणणार असाल तर नको. पॅनलवरच्या माणसाला तीन प्रश्नांत कळतं की वही मुलाची आहे की बापाची.

निबंध किंवा 'स्वतःबद्दल लिहा' हा भाग असतो. आम्ही थोडा सुधारून दिला तर चालेल का?

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. माझ्या थोरल्याच्या वेळी मी तेच केलं. इतकी वर्षं मराठी-इंग्रजी शिकवलेला माणूस, हात आवरेना. दोन वाक्यं सुधारता सुधारता अख्खं पान माझं झालं. मुलाखतीत त्यातलाच एक शब्द उचलून त्याला अर्थ विचारला. पोरगं गप्प. मग म्हणालं, 'हे बाबांना विचारा.' शाळेने नाकारलं, आणि बरोबरच केलं. घरी येताना कसाऱ्यापर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. घाट चढताना म्हणाला, 'माझं आधीचं पान बरं होतं.' होतंच. त्यात त्याने रस्त्यावरच्या कुत्र्याला आणलेल्या पोळीबद्दल लिहिलं होतं.

शुद्धलेखन दाखवून द्या, दुरुस्त त्याला करू द्या. वाक्याला हात लावू नका. अकरा वर्षांच्या मुलाने अकरा वर्षांच्या मुलासारखं लिहिलेलं चांगलं दिसतं. चाळिशीतल्या माणसासारखं लिहिलेलं लगेच ओळखू येतं.

मुलाखतीत काय विचारतात?

साधं विचारतात, म्हणून मुलं अडकतात. सकाळी किती वाजता उठतोस? अंथरूण कोण आवरतं? शेवटचं भांडण कुणाशी झालं, ते मिटलं कसं? तुझ्या गावाला कुणी पहिल्यांदा आलं तर काय दाखवशील? या शेवटच्या प्रश्नाला नाशिकची दहापैकी नऊ मुलं 'पंचवटी, काळाराम मंदिर, त्र्यंबकेश्वर, पांडवलेणी' असं पाठ म्हणतात. दहावं पोर सांगतं, 'आमच्या गल्लीतल्या मिसळवाल्याकडे रस्सा संपत आला की तो पाणी घालतो, म्हणून सकाळी आठच्या आत नेईन.' कुणाला जागा मिळावी असं तुम्हाला वाटतं?

सराव हवा असेल तर 'मॉक इंटरव्ह्यू'च्या आधी एवढं करा. मुलाला एकटं दुकानात पाठवा, हिशेब करून सुटे पैसे आणायला सांगा. सीबीएस स्टँडवर कंडक्टरला गाडीची वेळ त्यालाच विचारू द्या. घरी पाहुणे आले की त्याच्याऐवजी उत्तर देऊ नका. ही शेवटची सवय आईबापांना सगळ्यांत जड जाते. माझ्या घरीसुद्धा मी मुलाला नाव विचारतो आणि उत्तर वडील देतात.

'माहीत नाही' असं स्वच्छ सांगता येणं हीसुद्धा तयारीच. पॅनलवर आम्हाला ते ऐकायला आवडायचं, कारण दिवसभर कुणी म्हणायचं नाही.

मराठी माध्यमातला मुलगा इंग्रजी मुलाखतीत टिकेल का?

बोलण्याची भीती गेली तर टिकेल. चांगल्या शाळा उच्चारांवर जात नाहीत, मुलाला विचार मांडता येतो का हे बघतात. वाक्य अडलं तर हिंदीत पूर्ण करायला सांगतात. पण दून किंवा सिंदियाच्या लेखी परीक्षेत इंग्रजीचा पेपर असतो आणि तिथे दयामाया नाही. तिसरी-चौथीपासून रोज थोडं इंग्रजी वाचन हवं. गोष्टीची पुस्तकं आणा, व्याकरणाची नंतर बघू. सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, 1840 पासून गावात आहे. पुस्तकांसाठी कॉलेज रोडच्या दुकानातच गेलं पाहिजे असं कुठेय?

पालकांनाही बोलावतात म्हणे. आम्ही काय तयारी करायची?

ऋषी व्हॅली, सह्याद्रीसारख्या तत्त्वज्ञ जे. कृष्णमूर्तींच्या विचारावर चालणाऱ्या शाळा पालकांशी नीट बोलतात. त्यांना जाणून घ्यायचं असतं की तुम्ही ही शाळा का निवडली. 'बोर्डात रँक येईल म्हणून' हे उत्तर तिथे बसत नाही, आणि खोटं बोलून प्रवेश घेतलात तर दोन वर्षांनी तुम्हीच वैतागाल. तिथे स्पर्धेची भाषा चालत नाही. तुम्हाला स्पर्धा हवी असेल तर त्यात लाज काय, दुसरी शाळा बघा.

आई आणि वडील यांचं एकमत नसेल तर ते मुलाखतीच्या आधी घरी मिटवा. पॅनलसमोर 'हिची इच्छा नाहीये, पण मी म्हटलं' असं म्हणणारे वडील मी ऐकलेत. आजीचं मत शक्यतो विचारू नका. आजी नाहीच म्हणणार.

शिफारसपत्र कुणाचं घ्यावं? आमची एका आमदारांशी ओळख आहे.

नको. वर्गशिक्षकाचं घ्या, ज्यांना मुलाची मधल्या सुट्टीतली वागणूक माहीत आहे. शिक्षकाने 'कधी कधी हट्टी, पण चूक कबूल करतो' असं लिहिलं तर ते पत्र वजनदार. 'सर्वगुणसंपन्न' लिहिलं तर कचऱ्यात.

खेळाचा उपयोग होतो का?

खासगी शाळांत होतो, पण पदकांपेक्षा सातत्याचा. रोज मैदानावर जाणारा, हरल्यावर दुसऱ्या दिवशीही जाणारा मुलगा वसतिगृहात लवकर रुळतो, हे हाऊसमास्टरला माहीत असतं. खेळ लवकर सुरू केला नाही म्हणून हळहळू नका. चांदवडच्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ यांनी वल्हं हातात घेतलं ते लष्करात भरती झाल्यावर, आणि 2016 ला ते रिओ ऑलिम्पिकला पोहोचले.

मुलींसाठी काय?

आता बरंच काही आहे. सैनिक स्कूल आणि आरआयएमसीची दारं उघडलीत. नवोदयमध्ये मुली पहिल्यापासून. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, परीक्षा मुलींना देता येऊ लागली आणि 2022 पासून त्या खडकवासल्याला आहेत. त्यापाठोपाठ राज्य शासनाने मुलींसाठीची सैनिकी सेवापूर्व प्रशिक्षण संस्था 2023 मध्ये नाशिकलाच सुरू केली. दहावीनंतर अकरावी-बारावी करता करता एनडीएची तयारी. मुलांसाठीची तशी संस्था 1977 पासून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आहे.

एक निरीक्षण. मुलींचे पालक मला शाळा सुरक्षित आहे का विचारतात, मुलांचे पालक निकाल विचारतात. दोघांनीही दोन्ही विचारायला हवं. वसतिगृहात रात्री कोण असतं, मोठी मुलं लहानांशी कशी वागतात, तक्रार कुणाकडे करायची, हे मुलांच्या पालकांनी तर आधी विचारावं.

दहावीनंतर निवासी शाळेत जाता येतं का?

येतं. पुण्याजवळ पौडच्या बाजूला युनायटेड वर्ल्ड कॉलेजची महिंद्रा शाखा 1997 पासून आहे, दोन वर्षांचा आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) अभ्यासक्रम. तिथे जगभरातून मुलं येतात. मुलगा काय करतो, काय विचार करतो हे निबंधांतून आणि समोरासमोर फार बारकाईने बघतात, आणि गरजेनुसार शिष्यवृत्ती असते. वर सांगितलेली वहीची गोष्ट इथे सगळ्यांत जास्त लागू पडते.

खर्चाचं काय? आणि एक जण म्हणतो, 'सेटिंग' करून देतो.

नवोदयमध्ये सहावी ते आठवी राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं मोफत. नववीपासून विकास निधी म्हणून महिन्याला 600 रुपये, तोही मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. सैनिक स्कूल मोफत नाही, पण उत्पन्नानुसार शिष्यवृत्त्या आहेत. मोठ्या खासगी शाळांचं शुल्क मध्यमवर्गीय घराला झेपणारं नसतं. तिथे आर्थिक मदतीची योजना असते, तिचा अर्ज वेगळा आणि त्याची तारीखही वेगळी. ती तारीख चुकली की प्रवेश मिळूनही हात बांधलेले राहतात.

'सेटिंग'वाल्याला चहासुद्धा पाजू नका. नवोदयला किंवा सैनिक स्कूलला व्यवस्थापन कोटा नाही. हे लोक दहा जणांकडून पैसे घेतात. दोघं आपल्या गुणांवर लागतात, त्यांचे पैसे ठेवून घेतात आणि बाकीच्यांना 'थोडक्यात हुकलं' म्हणून परत करतात. धंदा बसल्याजागी चालतो.

मुलगा अजून रात्री अंथरूण ओलं करतो. शाळेला सांगायचं का?

सांगायचं. हा प्रश्न पालक सगळ्यांत शेवटी, चपला घालताना विचारतात. माझ्या हाऊसमध्ये दरवर्षी दोन-तीन मुलं असायची. मेट्रनला, म्हणजे वसतिगृहात मुलांची काळजी घेणाऱ्या बाईंना, माहीत असलं की ती रात्री एकदा उठवते, चादर गुपचूप बदलते, विषय संपतो. माहीत नसलं तर पोर ओल्या चादरीत पहाटेपर्यंत जागं राहतं आणि मग बाकीच्यांना कळतंच. दमा, ॲलर्जी, झोपेत चालणं, कसलीही गोळी, सगळं लिहून द्या.

मुलाला स्वतःलाच जायचं नसेल तर?

मग पाठवू नका. 'तिथे गेला की आवडेल' हे पाचपैकी तिघांच्या बाबतीत खरं ठरतं हे मी मान्य करतो, पण उरलेल्या दोघांचे चेहरे मला अजून आठवतात. एक उपाय करून बघा. मुलाला आठ दिवस मावशीकडे किंवा एखाद्या शिबिराला एकटं पाठवा, फोनशिवाय. परत आल्यावर तो काय सांगतो ते ऐका. तुम्ही काही विचारू नका.

निवड झाली. आता काय आणू?

शाळा यादी देईल, तेवढंच घ्या. पत्र्याची ट्रंक, दोन कुलपं, किल्लीची एक जोडी मुलाकडे आणि एक मेट्रनकडे. प्रत्येक कपड्यावर नाव किंवा नंबर धाग्याने शिवा. मार्कर पेन धोब्याच्या दोन फेऱ्यांत उडतं. मोजे जास्त द्या. मोजे कुठे जातात हे बारा वर्षांत मला कळलं नाही. खाऊ द्यायचा तर वीस मुलांना पुरेल एवढा द्या, कारण पहिल्या रात्री डबा उघडला की वीस मुलं येणारच. चिवडा चालतो. लाडू प्रवासात फुटतात.